हातावरचा दाणा

टिक्.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला आणि सूनबाईचा ब्रश हवेतच थांबला. झाडाच्या घड्याळावरून एक पान गळून टेबलावर पडलं होतं.

घरात सतरा घड्याळं होती, पण चालू एकही नव्हतं. पहिल्यांदा येणाऱ्याला याचं नवल वाटायचं. घड्याळवाल्याचं घर म्हणजे कसं, पाऊल टाकलं की चहूकडून टकटक, तासातासाला ठणाणा. पण सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, दंडकच होता की काम पुरं झाल्याशिवाय घड्याळाला किल्ली द्यायची नाही. "आजारी माणसाला कुणी धावायला लावतं का?" असं ते म्हणत. त्यामुळे या घरात टाचणी पडलेली ऐकू येई हे नुसतं बोलणं नव्हतं. पत्र्याचं नखाएवढं पानसुद्धा ऐकू येई.

तिनं वाकून टेबलाखाली बघितलं. गोधडीवर भिंगरी झोपलेली होती, एक पाय भिंतीवर, तोंड उघडं. पाच वर्षांची पोर. नाव तिचं दुसरंच होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून आबांनी भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं. ती झोपायची दीड तास. तेवढाच वेळ सूनबाईच्या मालकीचा. उरलेला दिवस चूल, कपडे, आबांचा चष्मा आणि भिंगरीचे प्रश्न यांच्यात वाटून गेलेला असायचा. या दीड तासात ती पानं रंगवायची आणि जगात दुसरं काही आहे हे विसरून जायची.

साधी घड्याळं आबा घेतच नसत. त्यांच्याकडे येत ती शेकोटीवरच्या फळीवर ठेवायची जुनी, नक्षीची घड्याळं, आणि त्यातही फक्त पानाफुलांची. मधमाश्यांच्या पोळ्याचं होतं एक, त्याच्या तबकडीवर आकड्यांच्या जागी बारा माश्या. दुसऱ्यात गव्हाच्या पेंढीतून उंदीर डोकं काढायचा. कुणा जुन्या कारागिरांच्या मनात आलं असेल की वेळ उगवते, वाढते, गळून पडते, मग तिला नुसत्या चौकोनी पेटीत कशाला कोंडायचं? आताचं टेबलावरचं घड्याळ तर त्या सगळ्यांचा मेरुमणी. पितळेचा गाठाळ बुंधा, त्याच्या ढोलीत तबकडी, वरच्या बेचक्यात घरटं, घरट्यात चिनीमातीची तीन निळसर अंडी. बुंध्याला वेटोळी घालत चढलेली वेल, तिला दोनशे अकरा पानं. आणि घड्याळ फिरवून पाठ बघितली तरच दिसणारी एक पाल, अंड्यांकडे निघालेली. इतकी वर्षं वाटेतच आहे बिचारी, असं आबा म्हणत. सूनबाईला मात्र ती पाल आवडायची नाही. ती घड्याळ नेहमी भिंतीकडे पाठ करून ठेवायची आणि मग पाल आता भिंतीशी काय करत असेल असं तिच्या मनात येई.

पण पानं! तो हिरवा रंग बाजारात मिळायचा नाही. कोवळ्या गवतावर ऊन पडावं तसा, आतून पेटल्यासारखा. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा तिला या घरातलं काही आवडलं असेल तर तो रंग.

पडलेलं पान तिनं चिमट्यात धरलं, सुरीच्या टोकानं सुटलेला पापुद्रा खरवडला आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकला. हा डबा म्हणजे घराची तिजोरी. "जुन्याला जुनंच लागतं," हे आबांचं ब्रीद. नवा हिरवा लावला की तो परक्या घरात उसनं हसू आणणाऱ्या पाहुण्यासारखा दिसतो. म्हणून तीन पिढ्या या घरात एक कण फेकला गेला नव्हता. पापुद्रे डब्यात जमवायचे, संगमरवरी खलात धूळ होईपर्यंत घोटायचे, डिंकाचं पाणी घालायचं, रंग तडकू नये म्हणून मधाचा एक थेंब, आणि तोच रंग पुन्हा पानांना. आबांच्या आजोबांनी खरवडलेला रंग आज सूनबाईच्या ब्रशावर होता.

तिनं ब्रश ओठांत फिरवून टोक काढलं. गोड लागलं. शीर रेखायची तर केसाएवढं टोक हवं, आणि तसं टोक ओठांशिवाय येत नाही, हेही आबांनीच शिकवलेलं.

दार वाजलं तेव्हा चार वाजले असावेत. अंदाजानंच, घरात वेळ दाखवणारं काही नव्हतं.

झाडाचं घड्याळ ज्यांचं होतं त्या बाई आल्या होत्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, उंच, आवाज जरा वरच्या पट्टीतला. आबांचा आणि त्यांचा व्यवहार आतापर्यंत फोनवरच झालेला. घड्याळ त्यांचा भाचा आणून टाकून गेला होता.

"बघू तरी आमच्या झाडाला पालवी कुठवर आलीय," असं हसत त्या आत आल्या. टेबलाजवळ आल्या आणि त्यांचं हसू विझलं. त्यांनी खल बघितला. खलाशेजारची मधाची बाटली बघितली. बाटलीला टेकून ठेवलेला भिंगरीचा दुधाचा कप बघितला.

"हा रंग विकतचा?"

"छे हो. तुमच्याच पानांचा आहे, आणि थोडा आमच्या साठ्यातला. खरवडून घोटलेला." सूनबाईच्या आवाजात अभिमान होता. "कळणारसुद्धा नाही कुठलं जुनं आणि कुठलं नवं."

"घोटतं कोण?"

"आता मीच. आधी सासूबाई घोटायच्या."

बाईंनी पदराचं टोक नाकाला लावलं. सूनबाईला वाटलं, डिंकाचा वास येत असेल.

"मधाला मुंग्या होत नाहीत का गं?"

"कधीच नाही. मुंगी नाही, झुरळ नाही. त्या कपाटातले कागद शंभर वर्षांचे आहेत, एकाला कसर लागलेली नाही. आबा म्हणतात, आमच्या घराण्यावर किड्यामुंग्यांची मेहेरनजर आहे."

"येतील कशा," बाई हळूच म्हणाल्या. "मुली, तो ब्रश खाली ठेव. ठेव आधी. पूर्वी हा हिरवा सोमल घालून करायचे. सोमल माहीत आहे ना? उंदराला घालतात तो. तांबं आणि सोमल. दिसायला इतका सुरेख की लोकांनी भिंतींच्या कागदांना लावला, खेळण्यांना लावला, पोरींच्या टोप्यांवरच्या फुलांना लावला. मग माणसं आजारी पडायला लागली तेव्हा बंद झाला. फळीवर नुसता ठेवला तर एक वेळ चालेल. तुम्ही तर त्याची भुकटी करताय."

सूनबाईला आधी हसू आलं. मग तिची जीभ आपोआप ओठावर गेली आणि तिथला गोडवा घेऊन परत आली.

"हात दाखव तुझा."

तिनं तळहात पुढे केला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, टणक पिवळट दाणे होते, बाजरीएवढे. आठ-दहा तरी.

"हे कधीपासून?"

"चार वर्षं झाली असतील. घाबरायचं काही नाही हो, आमच्या घराण्यातच आहेत ते. कारागिराचे दाणे म्हणतात. आबांच्या हाताला तर बघा, मुठीत मटार धरल्यासारखे आहेत. त्यांच्या वडिलांना होते, आजोबांना होते."

"तुझं माहेर घड्याळवाल्यांचं?"

"नाही. बाबा शिंपी आहेत."

बाई तिच्या तळहाताकडे बघत राहिल्या. बोलायची गरजच नव्हती. सूनबाईच्या मनात ते वाक्य आपल्या पायांनी चालत आलं. दाणे रक्तातून येत असतील, तर शिंप्याच्या मुलीच्या हाताला कुठून आले? आणि ज्याच्यात या घराचं रक्त आहे त्या तिच्या नवऱ्याच्या हाताला का नाहीत? त्याचे तळहात लोण्यासारखे मऊ होते. लहानपणी रंगाच्या वासानं त्याला उमासे यायचे म्हणून तो टेबलाशी कधी बसलाच नाही. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायच्या नोकरीला लागला. आबा त्याला जेवताना टोमणे मारायचे, "हात कोरा राहिला तुझा. चारचौघांत कुणी विचारलं, कुणाचा रे तू, तर दाखवायला काही नाही." तोही हसून म्हणायचा, "मीटरवर आकडे आहेत आबा, ते दाखवीन." आणि सगळे हसायचे. तीही.

तेवढ्यात आबा आले, डोळे चोळत, उजव्या हातात चष्मा आणि डाव्या हाताची मूठ मिटलेली.

"या बाई, या. बघितलंत? सुनेच्या हातात जादू आहे. आमच्या पोरानं नाव बुडवलं, पण सुनेनं तारलं."

बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. आवाज न चढवता, मुलांना धडा सांगावा तसं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मोठ्यानं हसले.

"बाई, तीन पिढ्या खातोय आम्ही हा रंग. विष असतं तर घड्याळं दुरुस्त करायला आमच्या पितरांची भुतं येत होती का?"

"तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?"

"एक्कावन्नाव्या. पण ते पोटाच्या दुखण्यानं. त्याचा इथे काय संबंध?" आबांनी तो विषय माशी झटकावी तसा झटकला. आज त्यांना दुसरंच काही सांगायचं होतं. "सूनबाई, तू तोंड एवढंसं करून बसू नकोस. आनंदाची गोष्ट आहे. म्हटलं संध्याकाळी सगळे जमले की सांगू, पण आता बाईही आहेत. आज सकाळी भिंगरीला दात घासायला नेलं ना, तेव्हा मला दिसलं. उजव्या हाताला. दाणा."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावरच्या ओबडधोबड गाठींच्या मधोमध एक ब्रश होता, बोटभर लांबीचा, दांडा नव्यानं तासलेला, पोरीच्या मुठीत बसेल असा. या घरात पोराच्या हाताला दाणा दिसला की त्याला त्याच दिवशी स्वतःचा ब्रश मिळायचा. आबांना सातव्या वर्षी मिळाला होता.

"पाचव्याच वर्षी," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्याही आधी. कुणी शिकवलं नाही, बसवलं नाही."

सतरा घड्याळांपैकी एखादं तरी चालू असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी पर्समधून कागद काढला, त्यावर सरकारी दवाखान्यातल्या विभागाचं नाव लिहिलं. "दोघींची नखं, केस, लघवी तपासायला द्या. आजच जा. उद्यावर टाकू नका. डबा घट्ट बंद करून पिशवीत घाला आणि सोबत न्या, म्हणजे त्यांना बघता येईल." दाराशी त्या थांबल्या. "माझं घड्याळ इथेच असू दे. घरी न्यायची आता हिंमत होत नाही."

त्या गेल्यावर सूनबाई टेबलाखाली सरकली. भिंगरीचा उजवा हात गोधडीबाहेर होता, बोटं अर्धवट मिटलेली. तिनं एकेक बोट उलगडलं, पाकळी उलगडावी तसं. तर्जनीच्या मुळाशी एक दाणा होता. करंगळीखाली आणखी एक, आबांना न दिसलेला. आणि सगळ्या नखांवरून आडवी जाणारी पांढरट रेघ, जणू कुणी पट्टी ठेवून ओढली असावी. ही रेघ तिनं महिन्यापूर्वीही बघितली होती. दूध कमी पितेय, असं म्हणून कपात जास्तीचं दूध ओतलं होतं. तोच कप, रोज खलाशेजारी.

ब्रश ओठांत फिरवताना तिनं किती वेळा खाली बघितलं असेल, आणि किती वेळा खालून भिंगरीनं वर बघितलं असेल? परवा पोरगी एका काडीला ओठांत फिरवत बसली होती. "काय गं करतेस?" तर म्हणाली, "टोक काढतेय." ती हसली होती. रात्री नवऱ्याला सांगून पुन्हा हसली होती. आणि मधाच्या बाटलीला बोट लावून चाटायची सवय? "मध आहे, चाटू दे," असं कोण म्हणालं होतं? तीच.

तिनं नवऱ्याला फोन केला. सगळं सांगता येईना. "गाडी घेऊन या. आत्ता. भिंगरीला दवाखान्यात न्यायचंय." तो काही विचारत बसला नाही. "अर्ध्या तासात पोचतो," म्हणाला. मग म्हणाला, "रंगाचं आहे का गं काही?" जणू हा प्रश्न त्याच्या तोंडात कित्येक वर्षं तयारच होता.

ती टेबलाशी परत आली तेव्हा आबा डब्यावर हात ठेवून उभे होते.

"आबा, तो डबा द्या. न्यायचाय."

"ऊठसूट कुणी येतं, काहीबाही सांगतं. बाईंना घड्याळातलं काय कळतं?"

"सासूबाई किती वर्षं घोटत होत्या?"

आबांनी डब्यावरचा हात काढला नाही.

"मी आले तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. पायांना मुंग्या येतात म्हणायच्या. रात्रभर पाय चोळायचे मी. आबा, या घरात मुंग्या तेवढ्याच होत्या."

आबांनी स्वतःचा तळहात उलटा-सुलटा करून बघितला, परक्याचा हात बघावा तसा. सूनबाईनं सहा वर्षांत त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हातारा माणूस एका क्षणात लहान झाला की किती भीती वाटते.

"तिला माहेरी जायचं असायचं दर उन्हाळ्यात," ते म्हणाले. "तिथे गेली की बरं वाटतं, म्हणायची. मी म्हणायचो, कामाचा आळस. घोटायला बसलं की सगळं दुखतं हिचं." मग म्हणाले, "म्हणजे मीच तिला…"

त्यांचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. त्यांनी डबा काखेत मारला, खल उचलला, आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली.

"आबा, दार उघडा."



तिला दारावर धडका माराव्याशा वाटल्या. पण तेवढ्यात मागून भिंगरीचा आवाज आला, "आई, मी उठले." पोरगी गोधडी ओढत उभी होती, केस विस्कटलेले, आणि तिच्या हातात तो बोटभर ब्रश. आबांनी टेबलावर ठेवलेला. त्याचं टोक ओठांशी.

सूनबाईनं तो कधी हिसकावून घेतला ते तिलाही कळलं नाही. भिंगरीचे डोळे पाण्यानं भरले. "माझा आहे तो. आबांनी सकाळी सांगितलं, गुपित आहे म्हणाले. आज मी कारागीर होणार."

"हो राणी. ये इकडे."

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि मोरीत नेऊन पाटावर बसवलं. कोमट पाणी घेतलं, साबण घेतला. तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या, जीभसुद्धा फडक्यानं पुसली. मग हात. एकदा, दोनदा, तीनदा. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. फेसातून ती दोन ठिकाणं तिच्या अंगठ्याला लागत होती, वाळूचे कण चिकटावेत तशी. ती त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. आतलं बाहेर येत नसतं, हे तिला कळत होतं, तरी हात थांबेना.

तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला. घर्र, घर्र, घर्र. बंद दाराआड बत्ता खलात फिरत होता, संथ, एका लयीत, या घरात रोज फिरायचा तसा. आबा रंग घोटत होते. सूनबाईनं मोरीचं दार पायानं लोटलं, फटीत ओला टॉवेल कोंबला आणि नळ मोठा सोडला, तो आवाज बुडावा म्हणून.

"आई, दुखतंय," भिंगरी म्हणाली.

"झालं हं, झालं. थोडंसंच."

रस्त्यावर कुठेतरी गाडी थांबल्याचा आवाज आला. तीच असेल. की शेजाऱ्यांची? तिनं पोरीचा हात पाण्याखाली धरला. फेस वाहून गेला आणि दोन्ही दाणे स्वच्छ, चकचकीत, वर आले. भिंगरीनं मान वाकडी करून ते निरखले. आधी तिला एकच ठाऊक होता. दुसरा दिसताच रडणं विसरून ती हसली. मग पुन्हा आईच्या अंगठ्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं हात मागे ओढून छातीशी धरला.

"आई," तिनं विचारलं, "असं घासलं तर जातील का गं ते?"